करारबद्ध मजुरांची छायाचित्रे व वंशशोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशस बेटावरील ब्रिटिश शासनाने भारतातून आलेल्या मजुरांची ओळख पटविण्यासाठी त्यांची छायाचित्रे घेतली. मजुरांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणे, हा त्यामागील हेतू होता. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हीच छायाचित्रे त्या मजुरांच्या वंशजांना आपल्या पूर्वजाचा चेहरा दाखविणारे बहुधा एकमेव साधन ठरली आहेत. संगणकीय सूची व आंतरजाल यांमुळे हा शोध पुष्कळ सुकर झाला आहे. तथापि जुने छायाचित्र हाती लागणे आणि ते आपल्याच पूर्वजाचे आहे हे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीकडून दुसरीकडे जाण्याचा मार्ग चेहऱ्यातील साम्यावरून जात नाही. तो शासकीय नोंदवहीतील क्रमांकावरून जातो.

पार्श्वभूमी : मॉरिशस १८१० मध्ये फ्रेंचांकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आले. तेथील उसाची शेती आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. तिचा शेवट जवळ आल्याचे दिसताच मळेवाल्यांनी भारताकडे दृष्टी वळविली होती. ‘ॲटलस’ हे जहाज ३६ मजुरांना घेऊन २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुई बंदरात पोहोचले. हा दिवस आज मॉरिशसमध्ये मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून पाळला जातो. मजूर भरतीतील फसवणूक व हालअपेष्टा यांविरुद्ध ओरड झाल्याने १८३९ मध्ये ही वाहतूक बंद करण्यात आली. परंतु १८४२ च्या कायद्याने ती शासकीय देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत कमीअधिक प्रमाणात चालू राहिली. या अवधीत सु. साडेचार लाख भारतीय मॉरिशसला गेले. कलकत्ता, मद्रास व मुंबई ही त्यांची निर्गमनाची बंदरे होती. करार सामान्यतः पाच वर्षांचा असे आणि पुरुष मजुराला दरमहा पाच रुपये वेतन व शिधा मिळे. कामावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची प्रथा होती. मजूर भाषेत ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि त्यावरून अनेक वसाहतींतील भारतीय मजुरांना ‘गिरमिटिया’ हे नाव पडले.

क्रमांक आणि नोंदवही : पोर्ट लुई येथे उतरलेल्या मजुराला प्रथम आप्रवासी आगारात नेण्यात येई. १८४९ मध्ये बांधलेल्या या आगाराचे अवशेष आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखले जातात. २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. बंदराच्या धक्क्यावरून आगारात जाणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या अद्याप शिल्लक आहेत. आगारात प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक देण्यात येई. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे नाव, पित्याचे नाव, वय, उंची, जात, मूळ जिल्हा व गाव, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख, अंगावरील खुणा आणि ज्या मळ्यावर नेमणूक झाली त्याचे नाव, असा तपशील लिहिला जाई. नाव लिहिण्यात फरक पडला, मळा बदलला, विवाह झाला, तरी क्रमांक बदलत नसे. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नागरी नोंदींतही पुष्कळदा आप्रवासी व्यक्तीच्या नावापुढे हा क्रमांक लिहिलेला आढळतो. आजच्या वंशशोधाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक महत्त्वाची आहे.

छायाचित्रणाचा अवलंब : करार पुरा करून बेटावरच राहिलेल्या मजुराला ‘जुना आप्रवासी’ असे म्हणत. तो कायद्याने मळ्याशी बांधलेला नसे. कोणी भाजीपाला पिकवी, कोणी फेरीचा व्यापार करी, तर कोणी रोजंदारीवर काम करी. मळेवाल्यांना अशा मुक्त माणसांपेक्षा पुन्हा करार करणारे मजूर हवे होते. शिवाय करार मोडून पळालेला मजूर दुसऱ्याचा परवाना दाखवून मोकळा फिरतो, अशी त्यांची तक्रार होती. ‘मध्यम उंची, सावळा वर्ण, कपाळावर व्रण’ या प्रकारचे वर्णन अनेकांना लागू पडत असल्याने केवळ लेखी वर्णनाने ओळख पटविणे कठीण जाई. यावर उपाय म्हणून १८६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून परवान्यावर छायाचित्र लावण्याची पद्धत सुरू झाली. छायाचित्राची एक प्रत परवान्यावर लावण्यात येई व दुसरी आप्रवासी कार्यालयात ठेवण्यात येई. मजुरांजवळचे परवाने काळाच्या ओघात बहुतांशी नष्ट झाले. कार्यालयातील प्रती मात्र मोठ्या संख्येने टिकून राहिल्या.

सर हेन्री बार्कली हे गव्हर्नर असताना मंजूर झालेल्या १८६७ च्या एकतिसाव्या अध्यादेशाने हे नियंत्रण अधिक कडक केले. जुन्या आप्रवाशाने छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगावा, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात राहावयास गेल्यास त्याची नोंद करून घ्यावी, असे बंधन त्यावर आले. परवान्याचे शुल्क त्यालाच भरावे लागे. परवाना हरवला, तर नव्या परवान्यासाठी पोर्ट लुईच्या कार्यालयात खेटे घालण्यात मजुरी बुडे. परवाना जवळ नसलेल्या माणसाला भटक्या ठरवून अटक करण्याचा अधिकार पोलिसांना होता आणि त्याचा सर्रास वापर झाला. नेमक्या याच वर्षांत हिवतापाच्या भयंकर साथीने बेटावर थैमान घातले होते, याचीही येथे नोंद घेतली पाहिजे.

या जाचाविरुद्ध आडोल्फ द प्लेव्हित्झ (१८३७–९३) या यूरोपीय मळेवाल्याने जुन्या आप्रवाशांच्या वतीने १८७१ मध्ये एक विनंतिअर्ज सादर केला. त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या वा निशाण्या होत्या. या अर्जामुळे द प्लेव्हित्झ यांना इतर मळेवाल्यांचा रोष पत्करावा लागला. तथापि नवे गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी तक्रारींची दखल घेतली. १८७२ मध्ये विल्यम एडवर्ड फ्रेअर व व्हिक्टर विल्यमसन यांचे शाही आयोग बेटावर आले. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने मजुरांच्या अनेक तक्रारींना दुजोरा दिला आणि १८७८ मध्ये मजूर कायद्यात सुधारणा झाली. छायाचित्रे घेण्याची पद्धत मात्र त्यानंतरही चालू राहिली.

छायाचित्रांचे स्वरूप : छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केल्यावर एकाच निगेटिव्हवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढणे स्वस्त व सोपे झाले. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या अल्ब्युमिन कागदावर अशा प्रती काढीत. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती आणि पुढील दशकात शहरातील सधन मंडळी हौसेने स्वतःची छायाचित्रे काढून घेऊ लागली. अशा छायाचित्रात खुर्ची, गालिचा, पुस्तक, पगडी वा शालजोडी यांची निवड करण्यास बसणाऱ्याला वाव असे. मॉरिशसमधील मजुराला तो नव्हता. ही छायाचित्रे आकाराने लहान, बहुधा अर्धाकृती, साध्या पार्श्वभूमीवर घेतलेली व समोर पाहणारी आहेत. त्यांत प्रत्येक व्यक्तीची ओळख क्रमांकाने दर्शविलेली असते. भारतातही याच सुमारास शासन जातिजमातींची छायाचित्रे गोळा करीत होते. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा संग्रह १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. मात्र त्यातील माणसे एखाद्या जमातीचा नमुना म्हणून येतात. मॉरिशसच्या संग्रहात प्रत्येक चेहऱ्यामागे एक विशिष्ट व्यक्ती, तिच्या बापाचे नाव व तिचे गाव आहे. म्हणूनच वंशशोधासाठी या संग्रहाचे मोल मोठे आहे.

तरीही ही छायाचित्रे निर्जीव वाटत नाहीत. कोणी गळ्यातील माळ दिसेल असा बसलेला आहे, कोणी मुंडासे नीट बांधून आला आहे, तर कोणाच्या नजरेत संशय स्पष्ट दिसतो. पाहणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : हे चेहरे आप्तांसाठी नव्हे, तर पोलिसांसाठी टिपलेले आहेत. त्यांवरील ताठरपणा हा त्या माणसाचा स्वभाव मानता येत नाही. काही काळ निश्चल बसण्याची गरज आणि कचेरीत उभे राहण्याचे दडपण, ही त्याची कारणे असू शकतात.

मराठी आप्रवासी : मॉरिशसला गेलेल्यांत बिहार व आजचा उत्तर प्रदेश या भागांतील लोक सर्वांत जास्त होते, त्याखालोखाल दक्षिणेतील तमिळ व तेलुगू भाषिकांचा क्रम लागतो. मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण त्यामानाने लहान होते. त्यांत रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी संस्थान व लगतचा घाटमाथ्यावरील प्रदेश येथील मराठी भाषिकांचा भरणा मोठा होता. कोकणातील तोकडी शेती, तीमधील वाटण्या आणि पोटासाठी मुंबईला जाण्याची रुळलेली वाट, यांमुळे या भागातील माणूस भरतीदलालांच्या हाती सहज लागे. त्यांच्या वंशजांनी मॉरिशसमध्ये मराठी भाषा, गणेशोत्सव व जाखडी नृत्य या गोष्टी जतन केल्या असून गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

छायाचित्रांच्या संदर्भात मराठी कुटुंबांपुढे एक विशेष अडचण आहे. मुंबई बंदरातून झालेले स्थलांतर मुख्यत्वे १८६५ पूर्वीचे, म्हणजे छायाचित्रण सुरू होण्याच्या आधीचे आहे. त्यामुळे आगमनाच्या वेळचे छायाचित्र त्यांच्या बाबतीत सहसा मिळत नाही. पूर्वज त्यानंतर हयात असेल आणि जुना आप्रवासी म्हणून त्याने परवाना घेतला असेल, तरच त्याचे छायाचित्र सापडण्याची शक्यता असते. साहजिकच असे छायाचित्र ज्या तरुणाने बोटीवर पाऊल टाकले त्याचे नसते. ते बेटावर दहा-वीस वर्षे काढलेल्या प्रौढ माणसाचे असते. आगमनाच्या नोंदीतील वय आणि छायाचित्रातील चेहरा यांचा मेळ बसत नाही, म्हणून योग्य छायाचित्र नाकारले जाण्याचा धोका येथे संभवतो.

दुसरी अडचण नावांची आहे. इंग्रजी वा फ्रेंच जाणणाऱ्या लेखनिकाने कोकणी माणसाच्या तोंडून ऐकलेले नाव आपल्या कानाला भासले तसे लिहिले. आडनाव सांगण्याची प्रथा त्या थरात रूढ नसल्याने रामा, बाबाजी, सखाराम यांसारखी व्यक्तिनामेच पुढील पिढ्यांची आडनावे बनली. एकाच माणसाच्या दोन मुलांच्या वंशात ती दोन निराळ्या वर्णलेखनांनी चालू राहिल्याने सख्खे चुलत घराणे परके वाटू लागते. ‘मराठा’ हा शब्दही नोंदींत कधी जात, कधी भाषा, तर कधी प्रदेश या अर्थाने समजला जाण्याचा संभव असतो. गावाच्या रकान्यात पुष्कळदा तालुक्याचे किंवा बंदराचे नाव आढळते. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग १९८१ मध्ये सिंधुदुर्ग या स्वतंत्र जिल्ह्यात गेला. त्यामुळे नोंदीतील ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हाच, असे गृहीत धरता येत नाही.

दप्तराचे जतन : भारतीय आप्रवाशांचे हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. भारत व मॉरिशस यांच्या सहकार्याने १९७० मध्ये ही संस्था स्थापन झाली. आगमनाच्या नोंदवह्या, मळ्यांवरील नेमणुकांची पुस्तके, विवाह-नोंदी, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे यांचा या संग्रहात समावेश होतो. युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ सूचीत मॉरिशसच्या आप्रवासी दप्तराला २०१५ मध्ये स्थान मिळाले. उष्ण व दमट हवेत अल्ब्युमिन छायाचित्रे पिवळी पडतात, फिकट होतात व कागद ठिसूळ बनतो. यास्तव संगणकीय प्रती तयार करणे हे केवळ सोयीचे नसून मूळ वस्तू वारंवार हाताळली जाऊ नये म्हणूनही आवश्यक असते.

शोधाची पद्धत : पूर्वजाच्या छायाचित्राचा शोध छायाचित्रापासून सुरू करणे चुकीचे ठरते. तो हयात व्यक्तीपासून सुरू करून एकेक पिढी मागे न्यावा लागतो. प्रथम घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी व जुनी कागदपत्रे यांतून आजोबा-पणजोबांची नावे, मळा व गाव यांची माहिती मिळविण्यात येते. नंतर जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले क्रमाने काढले जातात. या साखळीत जेव्हा भारतात जन्मलेली पहिली व्यक्ती येते, तेव्हा तिच्या नावापुढील आप्रवासी क्रमांक हाती लागण्याची शक्यता असते. या क्रमांकावरून आगमनाची नोंद आणि नोंदीवरून छायाचित्र, असा क्रम आहे. शेवटी पित्याचे नाव, वय, उंची, व्रण व मळा या बाबी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. यांतील एखादी बाब जुळली नाही, तर लेखनिकाची चूक मानण्यापूर्वी आपणच भलत्या माणसापर्यंत पोहोचलो नाही ना, हे तपासणे श्रेयस्कर असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा मार्ग अधिक बिकट आहे. मजुरांत त्यांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच कमी होती आणि मॉरिशसमध्ये बऱ्याच स्त्रिया स्वतंत्र करार न करता कुटुंबातील व्यक्ती म्हणून राहत. त्यामुळे त्यांच्याविषयीच्या नोंदी त्रोटक आहेत. परिणामी, अनेक घराण्यांना पणजोबांचा चेहरा मिळतो, परंतु पणजीचा मिळत नाही.

आंतरजाल व अन्य वसाहती : विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत असा शोध दप्तरखान्यात प्रत्यक्ष जाऊनच घ्यावा लागे. अमेरिकेतील यूटा वंशावळी संस्थेने जगभरच्या नोंदींची सूक्ष्मपटले तयार केली होती व १९९९ मध्ये ‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ सुरू झाल्यावर त्यांतील माहिती हळूहळू घरबसल्या उपलब्ध होऊ लागली. हरद्वार वगैरे तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांचाही त्यांत अंतर्भाव आहे. नाताळ वसाहतीत १८६० ते १९११ या काळात आलेल्या १,५२,१८४ मजुरांच्या जहाजवार याद्या संगणकावर आणण्यात आल्या. सुरिनाममध्ये १८७३ ते १९१६ या काळात गेलेल्या सु. ३४,००० भारतीयांची सूचीही आंतरजालावर पाहता येते. फिजीकडे १८७९ ते १९१६ या काळात गेलेल्या सु. ६१,००० मजुरांच्या प्रवासपरवान्यांवर जिल्हा, ठाणे, गाव व जवळचा नातेवाईक यांचा उल्लेख असल्याने मूळ गाव शोधण्यास ते फार उपयोगी पडतात. या वसाहतींच्या मूळ याद्यांत शरीरखुणांचे लेखी वर्णन असते, चेहरा नसतो. मजुरांच्या नोंदींना छायाचित्रांची एवढ्या मोठ्या प्रमाणावर जोड मिळालेली असणे, हे मॉरिशसचे वैशिष्ट्य होय.

आंतरजालामुळे आणखी एक गोष्ट घडली. एकाच पूर्वजाचे वंशज मॉरिशस, इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पांगलेले असतात. एका शाखेकडे परवाना, दुसरीकडे विवाहाचा दाखला, तर तिसरीकडे घरगुती छायाचित्र असे तुकडे विखुरलेले असतात. ते एकत्र येण्याचा योग पूर्वी क्वचित येई. आता तो वारंवार येऊ लागला आहे.

चुका व मर्यादा : याच सोयीमुळे चुकाही वेगाने पसरतात. एका कुटुंबाने तर्काने जोडलेले नाव दुसरे कुटुंब पुरावा म्हणून उतरून घेते आणि चार ठिकाणी आढळल्यामुळे ते खरे मानले जाते. वस्तुतः चारही ठिकाणची माहिती एकाच अंदाजातून निघालेली असते. छायाचित्राची प्रत काढताना कडेचा क्रमांक कापला गेला, तर ते छायाचित्र पुराव्याच्या दृष्टीने मुके होते. ‘नाक आजोबांसारखे आहे’ हा घरातील निर्वाळा भावनेच्या दृष्टीने कितीही समाधानकारक असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने तो पुरावा ठरत नाही. चेहऱ्यांची तुलना करणाऱ्या संगणकप्रणालीही फार तर शोधाची दिशा सुचवितात; शंभर वर्षांपूर्वीच्या एका फिकट छायाचित्रावरून त्या नाते सिद्ध करू शकत नाहीत. जुन्या छायाचित्रांत रंग भरणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. २०२१ पासून स्थिर चेहरा हलता दाखविणाऱ्या सेवाही लोकप्रिय झाल्या. त्यांतील वर्ण, वस्त्राचा रंग व हास्य ही कल्पनेने घातलेली भर असते. अशी प्रत मूळ छायाचित्राच्या जागी ठेवली गेली, तर पुढील पिढी त्या कल्पनेलाच साक्ष समजेल.

भारतातील दुवा : मराठी समाजात पूर्वजांचे स्मरण मुख्यतः नावांनी केले जाते. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. देवघरात पूर्वजांचे टाक पुजण्याची रीत अनेक घराण्यांत आहे. मात्र टाकावरील आकृती ही त्या व्यक्तीची प्रतिमा नसते. मॉरिशसला गेलेला पूर्वज आजच्या वंशजांपासून बहुधा चौथ्या ते सहाव्या पिढीतील असल्याने तो या स्मरणाच्या कक्षेबाहेर गेलेला असतो. गावाकडील शाखेतही त्याच्याविषयी ‘बोटीवर गेला, परतला नाही’ यापलीकडे माहिती राहिलेली नसते. त्र्यंबकेश्वर, नासिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रातील हेळव्यांची वंशकथने, देवस्थानांचे कागद व जमिनीच्या सातबारापूर्व नोंदी या साधनांनी कधीकधी दोन्ही टोके जुळविता येतात. एकोणिसाव्या शतकातील कोकणातील शेतकरी वा मजूर घराण्यात छायाचित्र असण्याचा संभव जवळजवळ नव्हता. म्हणून त्या पिढीतील जो माणूस गावाला कायमचा अंतरला, त्याचेच चित्र उरावे आणि गावी राहिलेल्या त्याच्या भावांचे उरू नये, असा विलक्षण प्रकार येथे दिसून येतो.

सामाजिक व कायदेशीर परिणाम : वंशशोधाला अलीकडे व्यावहारिक महत्त्वही आले आहे. ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया हा दर्जा सर्वसाधारणपणे ज्यांना मिळू शकतो, त्यांच्यापेक्षा अधिक दूरच्या पिढीतील वंशजांनाही तो देण्याच्या घोषणा भारताने केल्या : सुरिनामच्या बाबतीत २०२३ मध्ये सहाव्या, मॉरिशसच्या बाबतीत मार्च २०२४ मध्ये सातव्या आणि त्रिनिदाद व टोबॅगोच्या बाबतीत २०२५ मध्ये सहाव्या पिढीपर्यंत. यामुळे पूर्वजाची आप्रवासी नोंद ही कौटुंबिक कुतूहलाची बाब न राहता हक्काचा पुरावा बनली. ज्या क्रमांकाच्या आधारे मजुराला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास अटकाव होत असे, तोच क्रमांक त्याच्या वंशजाला दोन देशांमधील ये-जा सुलभ करून देऊ लागला आहे.

या शोधाला एक नाजूक बाजूही आहे. नोंदीत जातीचा उल्लेख असतो. अनेक मजुरांनी समुद्र ओलांडल्यावर जातीची जुनी बंधने मागे टाकली, तर काहींनी आपली जात निराळी सांगितली असण्याचा संभव असतो. दीडशे वर्षांनंतर ती उघड व्हावी, अशी सर्वच वंशजांची इच्छा नसते. काही नोंदींत तुरुंगवास, पळून जाणे वा मळ्यावरील गुन्हे यांचाही उल्लेख येतो. त्या काळी परवाना जवळ नसणे हाही गुन्हा होता, हे विसरून अशा नोंदी वाचल्यास पूर्वजावर अन्याय होतो. छायाचित्र घेताना मजुराची संमती विचारली गेली नव्हती. आज ते सर्वांपुढे मांडताना निदान त्याचे नाव, गाव व ते छायाचित्र घेण्याचे कारण त्यासोबत दिले जावे, अशी अपेक्षा रास्त आहे.

मूल्यमापन : मॉरिशसमधील मजुरांची छायाचित्रे ही इतिहासाची दुहेरी साधने आहेत. मजुरांकडे संशयाने पाहणाऱ्या शासनव्यवस्थेचा ती पुरावा आहेत आणि त्या व्यवस्थेत ज्यांना क्रमांकाने ओळखले गेले, त्या माणसांच्या अस्तित्वाचीही ती साक्ष आहेत. वंशज जेव्हा छायाचित्र, क्रमांक, नाव व गाव ही चारही अंगे पुन्हा एकत्र आणतात, तेव्हा परवान्यावरील व्यक्तीला तिचे कुळ परत मिळते. त्यांपैकी एखादे अंग सुटले, तर चेहरा उरतो, पण पूर्वज हरवतो. म्हणून घरात सापडलेल्या प्रत्येक जुन्या छायाचित्राच्या मागील बाजूची अक्षरे जपणे, त्यातील व्यक्तीचे नाव जाणणारे कोणी हयात असेतोवर ते लिहून ठेवणे आणि शोधात मिळालेल्या प्रत्येक माहितीचा आधार नोंदविणे, हेच या विषयातील मुख्य कर्तव्य होय.